पितळी वजनाने चकवलेला काटा

तुम्ही भाजीवाल्याचा काटा पाहिला असेल, सोनाराचा पाहिला असेल. मित्रांनो, मी त्यांच्याच जातीचा, पण माझ्या ताटलीत ना भाजी पडली, ना सोनं. मी बंदुकीची दारू तोलणारा विजेवरचा छोटा काटा आहे. आता जुना झालोय. माझ्या काचेवर एक चरा आहे आणि शून्याचं बटण दाबून दाबून गुळगुळीत झालंय. माझ्या पोटात एक बारीक धातूची पट्टी आहे. ताटलीत काही पडलं की ती केसभर वाकते, आणि ती किती वाकली ते मी आकड्यात सांगतो. मला एवढंच येतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका मुलीने माझ्या ताटलीवर चकचकीत पन्नास ग्रॅमचं वजन ठेवलं आणि मला शिकवलं, "हे पन्नास." जगातली पहिली गोष्ट मी शिकलो ती ही. मग ते वजन स्पंजच्या खळग्यात बसवून माझ्याच खोक्यात ठेवलं गेलं. त्यासोबत एक कागद होता. वजनाला बोट लावू नये, चिमट्याने उचलावं, वापरण्याआधी मला अर्धा तास चालू ठेवावं, वारा लागू देऊ नये, असं त्यावर लिहिलं होतं. असे कागद फारसं कुणी वाचत नाही. गार्थ टॉलीने वाचला होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते ऐकून तुम्ही त्याला बेफिकीर म्हणाल. तो तसा नव्हता.

गार्थ कांगारू मारायचा. पश्चिम क्वीन्सलंडात, बुरांगी गावापासून चाळीस किलोमीटरवर त्याचं घर होतं आणि घरामागे पत्र्याची शेड होती. तिथला हा रीतसर परवान्याचा धंदा. रात्रभर पिकअप घेऊन हिंडायचं आणि पहाटे मारलेलं जनावर गावातल्या शीतघरात टांगायचं. गोळी डोक्यातच लागायला हवी, एकाच फटक्यात. मानेत किंवा अंगात लागली तर शीतघरवाला ते जनावर घेत नाही, आणि जनावराचे हाल होतात ते वेगळेच. विकतच्या काडतुसांचा नेम कधी लागायचा, कधी हलायचा, म्हणून गार्थ आपली काडतुसं आपणच भरायचा. वापरलेली पितळी कवचं साफ करायची, तळाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, माझ्यावर तोलून दारू ओतायची, वर गोळी दाबायची. दारू कमी पडली तर गोळी खाली जाते. जास्त पडली तर बंदूक फुटते, आणि बंदुकीच्या मागे माणसाचा चेहरा असतो.

ही दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढं वजन. त्यातला दहावा भागही मी सांगू शकायचो. दारूच्या पुस्तकात प्रत्येक काडतुसाची एक हद्द लिहिलेली असते, आणि गार्थ त्या हद्दीच्या अर्धा ग्रेन आत राहून भरायचा.

सुरुवातीची वर्षं माझी चांगली गेली. दुपारी शेडचा पत्रा तापून कडकड वाजायचा, तरी मला चालू केलं की गार्थ पंखा बंद करायचा, कारण पंख्याच्या झुळकीने माझा आकडा थरथरतो. घाम त्याच्या नाकावरून टपटपायचा. त्याचे वडील मर्व्ह दाराशी खुर्ची टाकून बसायचे.

"काट्याला सर्दी होईल म्हणून पंखा बंद?" मर्व्ह म्हणायचे. "बायकोसाठी कधी एवढं केलं होतंस?"

"बायको आकडा चुकवत नाही, डॅड."

"माझ्या दांडीच्या काट्याला ना वीज लागायची, ना लाड. तीस वर्षं वापरला."

"आणि तीस वर्षं तुमचा नेम कुठे लागायचा ते सगळ्या बुरांगीला माहीत आहे."

मर्व्ह गालातल्या गालात हसायचे. मग गार्थ चिमट्याने ते चकचकीत वजन उचलून माझ्यावर ठेवायचा. मी पन्नास म्हणायचो आणि तो मान हलवायचा. दर दहा काडतुसांनंतर पुन्हा वजन, पुन्हा मान. शीतघरवाला म्हणायचा, टॉलीच्या जनावरांवर शिक्का मारताना बघावंसुद्धा लागत नाही. ही तारीफ गार्थची होती, पण त्यातला थोडा वाटा मी गुपचूप माझ्याकडे ठेवून घ्यायचो.

मग घरात ऑड्री जन्माला आली. गार्थची बायको रेने शिकलेली होती, लग्नाआधी टाउन्सव्हिलच्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासायची. मूल झाल्यापासून तिची झोप पातळ झाली होती. ऑड्रीच्या दुधाची पावडर ती चमच्यात घेऊन सुरीच्या पाठीने सपाट करायची, तापाचं औषध उजेडात धरून दोनदा बघायची. मुलीला कडेवर घेऊन ती शेडच्या दारात उभी राहायची, आत मात्र यायची नाही.

"दूध आहे ते," गार्थ तिला चिडवायचा. "स्फोट नाही व्हायचा."

"तुझ्या हातात आहे त्याचा होतो ना. मग तू तरी बघून भर."

"बघूनच भरतोय, बाई."

आणि तेव्हा तो खरंच बघून भरत होता.

गोष्ट बिघडली ती एका शेजारधर्मापासून. तीस किलोमीटरवर ओपलचे खडे शोधणारा एक माणूस राहायचा. त्याला आपला काटा तपासायचा होता. त्याने माझं वजन मागितलं. अशा ओसाड मुलखात शेजाऱ्याला नाही म्हणायची पद्धत नाही, कारण उद्या आपली गाडी चिखलात रुतली तर तोच येणार. गार्थने वजन स्पंजसकट दिलं. "रविवारी आणून देतो," असं म्हणून तो गेला, आणि खड्यांची पेटी घेऊन दक्षिणेकडच्या जत्रेला निघून गेला. चार रविवार गेले. मग कुणी मोजलेच नाहीत.

त्याच दिवसांत काम वाढलं. शेडमधलं टेबल भरून गेलं आणि एके दिवशी जागा नाही म्हणून गार्थने शिशाच्या गोळ्यांची दोन जड खोकी माझ्यावर रचली. क्षणभरच ठेवली असावीत. पण हाक आली, तो गेला, आणि वजनाविना भरणं बंदच असल्याने खोकी तीन आठवडे तशीच राहिली. आत पत्रा तापत होता, वर शिसं दाबत होतं. माझ्या पोटातली ती बारीक पट्टी इतकं ओझं पेलायला केलेलीच नव्हती. खोकी उचलली तेव्हा ती सरळ झाल्यासारखी वाटली, पण पूर्वीची राहिली नाही. आता पन्नास ग्रॅम ठेवले तर मला सत्तेचाळीस वाटायचे. रिकाम्या ताटलीला मात्र मी नेहमीसारखं शून्य दाखवत होतो.

मित्रांनो, या शून्यानेच घात केला. गार्थने मला चालू केलं, शून्य पाहिलं आणि त्याला वाटलं, काटा ठीक आहे. शून्य बरोबर म्हणजे पुढचं सगळं बरोबर, असा भल्याभल्यांचा समज असतो. माणूस दारात सरळ उभा राहतो म्हणून त्याला ओझं पेलतं असं नाही. पण हे सांगायला मला तोंड नव्हतं, होता तो एक आकडा.

"वजन नाही, त्याशिवाय भरायचं म्हणजे मला चैन पडत नाही," गार्थ म्हणाला.

"मग दुसरं करू की," मर्व्ह म्हणाले. "माझं लेथ गंज खात पडलंय. पितळेचा तुकडा आहे. घासत जाऊ, या तुझ्या लाडक्यावर ठेवून बघत जाऊ. पन्नास दाखवलं की थांबू."

गार्थने मान हलवली. मला पुसलं, पंखा बंद केला, अर्धा तास तापू दिलं. सगळं कागदावर लिहिल्याप्रमाणे. दोघं बापलेक दुपारभर घासत होते आणि थोडं थोडं करून माझ्यावर ठेवत होते. मर्व्हचे हात एरवी थरथरायचे, पण लेथवर नाही. अखेर मी म्हणालो, पन्नास. मर्व्हनी ते पितळी वजन सदऱ्याला पुसून उजेडात धरलं. "कारखान्याच्यापेक्षा देखणं झालंय," ते म्हणाले. त्यांना फार आनंद झाला होता.

ते पन्नास नव्हतं, जवळजवळ त्रेपन्न होतं. ज्याची परीक्षा घ्यायची, त्याच्याकडूनच त्यांनी प्रश्नपत्रिका काढून घेतली. मग गार्थने रीतीप्रमाणे ते वजन माझ्यावर ठेवून बटण दाबलं आणि मला नव्याने शिकवलं, "हे पन्नास." मी शिकलो. आता मी प्रत्येक आकडा खात्रीने कमी सांगत राहिलो, आणि त्या दिवसापासून गार्थ प्रत्येक काडतुसात सव्वा-दीड ग्रेन दारू जास्त ओतू लागला. हद्दीच्या अर्धा ग्रेन आत होता, तो हद्द ओलांडून गेला. दर दहा काडतुसांनंतर तो पितळी वजन ठेवायचा, मी पन्नास म्हणायचो, तो मान हलवायचा. आम्ही दोघं एकमेकांना खात्री देत होतो.

खुणा दिसत होत्या. बंदुकीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत बंद करणारी मागची खिट्टी, अडकायला लागला, तळव्याने ठोकून उघडावा लागायचा. "उन्हाळा आहे, धूळ आहे," गार्थ म्हणायचा. वापरलेल्या कवचांच्या तळाच्या टोप्या चपट्या व्हायला लागल्या. "टोप्यांची ही खेप मऊ आलीय," मर्व्ह म्हणायचे. गोळ्या वर लागायला लागल्या. "बंदुकीवरची दुर्बीण हलली असेल." प्रत्येक खुणेला एक कारण मिळत होतं, आणि प्रत्येक कारण वेगळं होतं.

फक्त रेनेकडे सगळ्यांचं मिळून एकच कारण होतं. ती भरलेल्या काडतुसांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या लिहायची, म्हणून तिला आकडे माहीत होते. एका सकाळी ती दारात उभी राहिली. ऑड्री कडेवर होती, तिने आईची वेणी तोंडात घातली होती.

"गार्थ, अर्ध्या किलोच्या डब्यात आधी किती काडतुसं निघायची?"

"तीन खोकी. वर पंधरा-सतरा."

"आता तीन खोकी जेमतेम भरतात. गेले तीन डबे. वरची सतरा कुठे जातात?"

"सांडते थोडी."

"तुझ्या टेबलावर मी कधी दाणा सांडलेला पाहिला नाही." तिने ऑड्रीच्या तोंडातून वेणी सोडवली. "ते पितळेचं वजन पन्नास ग्रॅम आहे हे कुणी सांगितलं?"

"काट्याने."

"आणि काटा बरोबर आहे हे कुणी सांगितलं?"

"वजनाने," गार्थ म्हणाला, आणि त्याचा हात थांबला. मला वाटलं, झालं, आता कळलं. माझ्या आकड्यावर त्याची नजर क्षणभर टिकली. मग बाहेर बसलेले मर्व्ह हसले.

"पाणी तपासणाऱ्या बाईला घरात घेतलं की असंच होणार. उद्या माझा चहा तपासेल."

गार्थही हसला. मित्रांनो, त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. बापाने दुपारभर राबून केलेली वस्तू बापासमोर खोटी ठरवायची नव्हती, एवढंच.

"मला दे ते," रेने म्हणाली. "पोस्टात काटा आहे. मला तसंही ऑड्रीच्या लशीसाठी जायचंय. मी येईपर्यंत बंदूक चालवू नकोस."

"दहा गोळ्या मारून दुर्बिणीचा नेम बसवून घेतो फक्त. तू येईपर्यंत ऊन चढेल, माळावर मृगजळ नाचायला लागेल. मग निशाण काय दिसणार? आणि आज कामावर जायचंय."

"दोन तास, गार्थ."

"घेऊन जा वजन," तो म्हणाला. थांबतो असं तो म्हणाला नाही. रेनेने वजन ऑड्रीच्या मोज्यात गुंडाळून पिशवीत टाकलं आणि ती गाडीकडे पळतच गेली. गार्थने काडतुसांचं खोकं पिकअपमध्ये पुढच्या काचेपाशी ठेवलं, जिथे ऊन थेट पडत होतं. तापलेली दारू आणखी जोराने पेटते. हेही त्याला माहीत होतं. गोळी मारताना डोळे जपायला घालायचा चष्मा मात्र टेबलावरच राहिला, माझ्या शेजारी. मर्व्ह घरात पडायला गेले. पिकअप मागच्या पांढऱ्या माळाकडे गेली.

पोस्टात काय झालं ते रेनेने नंतर शेडच्या दारातून, माझ्यासमोरच पोलिसाला सांगितलं. पोस्टातल्या शिर्लीबाईंनी वजन ठेवलं, आकडा आला त्रेपन्न. "आमचा काटा पार्सलांचा आहे, पोरी," त्या म्हणाल्या, "दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे व्हायचेच." पण रेने हलली नाही. मागे रांग लागली होती. तेव्हा शिर्लीबाईंनी पुटपुटत खणातून सरकारी शिक्क्याचं शंभर ग्रॅमचं वजन काढून ठेवलं. शंभर आले, चोख शंभर. पुन्हा पितळी ठेवलं. त्रेपन्न. लस न देताच रेने गाडीत बसली. आमच्या घरी फोन लागत नाही, आणि त्या रस्त्यावरही नाही.

आता मी पाहिलेलं, म्हणजे ऐकलेलं सांगतो. शेडमध्ये माझ्या वरच्या फळीवर एक वायरलेस असतो. तिकडे प्रत्येक गाडीत असतो. निशाण मांडून तयार होण्यात गार्थचा तासभर गेला असावा, तेव्हा कुठे माळावरून पहिली गोळी सुटल्याचा आवाज आला. मग वायरलेस खरखरला.

"गार्थ, रेने बोलतेय. ऐकतोयस का? ती काडतुसं मारू नकोस. वजन चुकलंय. त्रेपन्न भरतंय."

पिकअपमध्येही वायरलेस होता, पण गार्थ गाडीपासून लांब, कानांवर आवाज रोखणाऱ्या वाट्या लावून पोटावर झोपला होता.

दुसरी गोळी सुटली.

"गार्थ. मर्व्ह. शेडमध्ये कुणी आहे का?" मागे ऑड्री रडत होती. "कुणीही. कुणी असेल तर माळावर जा आणि त्याला थांबवा."

मित्रांनो, शेडमध्ये मी होतो. मी चालूच राहिलो होतो. माझ्या काचेवर शून्य होतं.

तिसरा आवाज गोळीचा नव्हता. तो आखूड होता, पत्र्यावर कुणी सब्बल आपटावी तसा. त्यानंतर माळावर काही ऐकू आलं नाही. वायरलेसवर रेने नाव घेत राहिली, आधी मोठ्याने, मग तिचा आवाज बारीक होत गेला, कारण आता ती कुणाला सांगत नव्हती, नुसतं म्हणत होती.

कवच तळाशी फाटलं होतं. वारंवार जास्त जोर सोसून ते आधीच थकलेलं होतं. पेटलेला वायू आणि पितळेचे तुकडे मागे, बोल्टच्या फटीतून गार्थच्या चेहऱ्यात शिरले. विमानातून डॉक्टर आले, त्याला ब्रिस्बेनला नेलं. उजवा डोळा गेला. उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत.

पोलीस माझी तपासणी करून गेल्यावर मर्व्ह एकटेच शेडमध्ये आले. मला वाटलं, मला भिंतीवर आपटतील. आपटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी ते पितळी वजन हातात घेतलं, जसं पहिल्या दिवशी घेतलं होतं तसंच उजेडात धरलं. मग लेथचा पट्टा काढला, गुंडाळला, आणि लेथवर जुनी गोधडी टाकली. त्यांनी पुन्हा ते यंत्र उघडलेलं मी पाहिलं नाही.

सात आठवड्यांनी गार्थ परत आला. ब्रिस्बेनहून त्याने एक छोटी डबी आणली होती, त्यात दाखल्यासकट पन्नास ग्रॅमचं खरं वजन होतं. त्याने मला चालू केलं. अर्धा तास थांबला. पंखा बंद होता. त्याला चिमटा धरता येईना, म्हणून रेने शेडमध्ये आली. पहिल्यांदाच आत आली. तिने वजन ठेवलं.

"किती?" गार्थने विचारलं. एका डोळ्याने त्याला माझा आकडा अजून नीट लागत नव्हता.

"सत्तेचाळीस पॉइंट तीन पाच."

गार्थने टेबलाची कड धरली. "म्हणजे तू बरोबर होतीस."

"मी बरोबर असून काय मिळालं?" रेने म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तू हसलास, मी निघून गेले. मी काडतुसांचं खोकंच उचलून न्यायला हवं होतं. दररोज मला हेच वाटतं. वजन काय नेत बसले, खोकं न्यायचं."

गार्थने माझ्यातल्या बॅटऱ्या काढायला सांगितल्या. आता तो शीतघरात दुसऱ्यांनी आणलेल्या जनावरांवर शिक्के मारतो. गोळी कुठे लागलीय ते त्याला वाकून, मान तिरकी करून बघावं लागतं.

मित्रांनो, मी कधी खोटं बोललो नाही. मला जे पन्नास म्हणून शिकवलं, तेच मी पन्नास म्हणून सांगितलं. तरी माझ्यामुळे एक माणूस अर्धा आंधळा झाला. म्हणून माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. आम्हा मुक्या वस्तूंवर ओझं रचू नका. आमचं खरं वजन आमच्याजवळ राहू द्या, कुणी कितीही गोड मागितलं तरी. आणि आमची परीक्षा घ्यायची असेल तर बाहेरून घ्या, आम्हालाच विचारून आम्हाला पास करू नका.

पण यातलं काहीच जमलं नाही, तर निदान एक करा. कुणी दारात उभं राहून, मूल कडेवर घेऊन, "हे बरोबर आहे हे कुणी सांगितलं?" असं विचारलं, तर हसू नका. हातातलं काम खाली ठेवा आणि ती परत येईपर्यंत थांबा. गार्थला फक्त दोन तास थांबायचं होतं.